केवडा पडलेलं पोवळं

ताई आणि धाकट्या, तुम्ही दोघं इंग्रजी झरझर वाचता आणि मराठी अक्षराखाली बोट ठेवून वाचता. तरी मी हे मराठीतच लिहिते आहे. कॉलेजात जन्मभर प्राणिशास्त्र इंग्रजीतून शिकवलं, तेव्हा इंग्रजी मला जड जातं अशातला भाग नाही. पण ही हकीगत आपल्या घरातल्या माणसांची आहे, आणि त्यांचं बोलणं इंग्रजीत नेलं की ते उगाच सभ्य वाटायला लागतं. सावकाश वाचा. अडेल तिथे बाबाला विचारा. त्याला सगळे शब्द कळतील. काही लागतीलही.

जुलैत तुम्ही इथे आलात की धाकटे आजोबा तुम्हाला गाडीत घालून इंदापूरला नेतील आणि त्यांच्या मंगल कार्यालयातल्या काचेच्या टाकीसमोर उभं करतील. टाकीत पोवळं दिसेल. जांभळं, हिरवं, गुलाबी, शाळेच्या पुस्तकात छापतात तसं. ते तिथे कसं आलं हे तुम्हाला त्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून हा खटाटोप.

धाकटे आजोबा म्हणजे तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ, माझे दीर. आजोबा गेल्यापासून कळंबची शेती तेच बघतात. शेती म्हणजे ऊस. काही वर्षांपूर्वी त्यांनी हायवेलगत हे कार्यालय बांधलं. आमच्या भागात कार्यालय बांधणं सोपं असतं, ते दुसऱ्यापेक्षा वेगळं दिसणं अवघड. एकाच्या दारात फायबरचे हत्ती सोंडेतून पाहुण्यांवर गुलाबपाणी उडवतात. दुसऱ्याकडे नवरी फुलांच्या पाळण्यातून वरून खाली उतरते. एकदा पाळणा मध्येच अडकला आणि नवरी अधांतरी असतानाच भटजींनी मंगलाष्टकं सुरू केली. भाऊजींना या सगळ्यांवर ताण करायची होती. पुण्यात एका हॉटेलात त्यांनी खाऱ्या पाण्याची टाकी बघितली आणि तिथूनच मला फोन लावला.

"वैनी, आपुन समुद्रच आणायचा."

"कुठे?"

"कुठं म्हंजे? हितं, इंदापुरात. हॉलच्या तोंडाला. लोकांनी नवरी बघायच्या आदी समुद्र बघितला पायजे."

"भाऊजी, आपल्याला गोडं पाणी पुरत नाही, खारं कशाला आणता?"

"तुमी फकस्त हो म्हना. तुमी त्यातल्या शिकल्याल्या. टाकीची देखभाल तुमच्याकडं, बाकी समदं माज्याकडं."

मी हो म्हटलं. त्याला कारण ताई. वर्गात मी वर्षानुवर्षं पोवळं शिकवलं ते भिंतीवरच्या तक्त्यावरून आणि बरणीतल्या एका पांढऱ्या सांगाड्यावरून. जिवंत पोवळं पाहिलं ते या वयात, तुमच्याकडे परदेशात आले तेव्हा, समुद्रात ताईचा हात धरून. तोंडावर तो मुखवटा चढवून मी पाण्यात डोकं घातलं, घोटभर खारं पाणी प्यायले, आणि पहिल्यांदा मला कळलं की मी इतकी वर्षं वर्गाला एका मढ्याचं वर्णन करून सांगत होते. परत आल्यापासून ते रंग डोळ्यांपुढून हलत नव्हते. इंदापुरात का होईना, पुन्हा बघायला मिळणार होते.

बारामतीत मासे आणि टाक्या विकणारा एक दुकानदार आहे. माझा जुना विद्यार्थी. दर ईदेला त्याच्या घरून माझ्याकडे शीरखुर्मा येतो. टाकीचं काम त्याला दिलं, आणि मी आधी कायद्याचं विचारलं, कारण समुद्रातलं पोवळं तोडून विकायला आपल्याकडे बंदी आहे.

"मॅडम, तोडल्यालं न्हाय. मऊ जातीचं हाय, टाकीतच वाढवल्यालं. गुलाबाचं कलम करतो तसं. तुमाला फसवून कुठं जाणार मी? तुमी माजे नापासाचे मार्क अजून लोकांना सांगता."

"मी कुठे सांगते? तूच सांगत फिरतोस."

"मी सांगितलं की जरा जास्त वाटतात."

त्याने एकच अट घातली. टाकीला जोडलेला चिलर, म्हणजे पाणी गार ठेवणारं यंत्र, बंद पडता कामा नये. पाणी पंचवीस-सव्वीस अंशांच्या आसपास राहिलं पाहिजे. भाऊजींना हे काही पटलं नाही.

"दोन-चार डिग्रीनं काय हुतंय? आमी बेचाळिसात ऊस जगवतो."

मग मी त्यांना त्यांच्या पद्धतीने सांगितलं. पोवळं हा प्राणी आहे, झाड नव्हे. पण त्याच्या अंगात डोळ्यांना न दिसणारं शेवाळ राहतं. ते शेवाळ उजेडावर साखर तयार करतं आणि त्यातली बरीचशी पोवळ्याला देतं. पोवळ्याचा रंगही पुष्कळसा त्या शेवाळामुळेच. पाणी सोसवेल त्यापेक्षा थोडंसंच जास्त तापलं आणि तसंच तापलेलं राहिलं, की आतलं काम बिघडतं आणि पोवळं त्या शेवाळाला अंगाबाहेर टाकून देतं. रंग जातो, आणि जेवणही जातं.

"म्हंजे पोटातच साखर कारखाना," भाऊजी म्हणाले.

"हो."

"आन सभासदानंच त्यो बंद पाडला."

"तसंच समजा."

"मंग आमच्यातलाच हाय म्हना की!" आणि ते खो खो हसले. मीही हसले. तेव्हा हसण्यासारखंच होतं.

दिवाळीनंतर टाकी लागली. मी आठवड्यातून दोनदा एसटीने बारामतीहून इंदापूरला जायचे. गळिताचा हंगाम, रस्त्याला उसाच्या ट्रॉल्यांची रांग, एसटी त्यांच्या मागे मागे रखडायची. पोचले की आधी थर्मामीटर बघायचे, मग पाण्याचा खारटपणा, मग काच पुसायची. सकाळी दिवे लागले की पोवळं हळूहळू उघडायचं. एक होतं छत्रीसारखं, पिवळसर तपकिरी, त्याच्या कडेला बारीक बोटं फुटायची आणि पाण्याबरोबर डुलायची. एक हिरव्या बशांचा पुंजका. एक जांभळं, हाताची बोटं वर केल्यासारखं. लग्नाला आलेली माणसं एसटीतून भीमेच्या पुलावरून नदीत नाणं टाकतात तशी टाकीत नाणी टाकायला लागली, म्हणून मी वर जाळी बसवून घेतली. बायका काचेला हळदीकुंकू लावायच्या. ते मी पुसत नसे. ते बाहेरच्या बाजूने होतं.

मार्चमध्ये ताईचा व्हिडिओ फोन आला. तुमच्याकडे उन्हाळा आपल्या थंडीत येतो; त्या उन्हाळ्यात तुमच्याकडचा समुद्र तापलेला राहिला होता, हे मी वाचून होते. ती पलंगावर पालथी पडून बोलत होती.

"आजी, सगळं पांढरं झालं. तू बघितलंस ना, ते. ते सगळं."

"मेलं का गं?"

"पांढरं म्हणजे मेलेलं नाही, आजी." ती माझी बाई झाली होती. "पांढरं म्हणजे उपाशी. पाणी लवकर गार झालं तर परत येतं."

"आणि नाही झालं तर?"

तिने फोन पलंगावर उताणा टाकला. मला नुसतं तुमच्या खोलीचं छत आणि पंखा दिसत राहिला. मागून धाकट्याचा आवाज आला की ताई आता समुद्रावर येतच नाही, शाळेच्या सहलीलाही गेली नाही. बाबा म्हणाला, होईल ठीक, वय आहे. वयाचा काय संबंध होता ते मला अजून समजलेलं नाही.

दुसऱ्या खेपेला इंदापूरला गेले तेव्हा मी तिला टाकीसमोरून फोन लावला आणि फोन काचेला टेकवून धरला. ती नाक पडद्याला लागेल इतकी जवळ आली. मग म्हणाली, "त्या जांभळ्याजवळ ने." नेला. "वरून ने." नेला. हात दुखायला लागला तरी मी धरून राहिले.

"मी येईपर्यंत हे असेल?"

"असेल."

"प्रॉमिस?"

"प्रॉमिस," मी म्हटलं. आपल्या घरात शब्द फार सहज देतात, हे मला माहीत होतं. म्हणूनच मी तो सहज दिला नव्हता. मी ताडून पाहिलं होतं. चिलर चालू होता, दुकानदार एका फोनवर धावून येणारा होता, मी स्वतः देखरेखीला होते. समुद्र गार करणं माझ्या हातात नव्हतं. एक टाकी गार ठेवणं होतं.

मे महिन्यात एका मोठ्या घरचं लग्न कार्यालयात होतं. आदल्या संध्याकाळी वळवाचा पाऊस झाला, वारं असं सुटलं की रस्त्याकडेचे विजेचे खांब आडवे झाले. सकाळी दुकानदाराने मला फोन करून विचारलं, "मॅडम, इंदापुरात लाईट हाय का?" मी पहिली एसटी पकडली.

कार्यालयात जनरेटर धडधडत होता. दारात कमानी, हॉलमध्ये झुंबर, नवरदेवाच्या खोलीत एसी, मंडपात डीजे. चिलर बंद. थर्मामीटर एकतीसच्या पुढे गेला होता. छत्रीने आपली बोटं आत ओढून घेतली होती आणि तिच्या अंगावर बुळबुळीत थर आला होता. मी वायरमनला बोलावलं. तो म्हणाला, चिलर सुरू झाला की जनरेटर बसतोय, म्हणून मालकांनी वायरच काढायला लावली.

भाऊजी फेटा बांधून वरपक्षाच्या स्वागताला उभे होते. मी त्यांना बाजूला घेतलं.

"भाऊजी, डीजे तासभर बंद ठेवा. नाहीतर त्या खोलीतला एसी. चिलर लागलाच पाहिजे."

"वैनी, आज न्हाय. आज काय बी मागा, ह्ये न्हाय."

"पाणी तापलंय."

"समदंच तापलंय! बाहीर बगा. वरपक्ष हाय ह्यो. नवरदेवाला घाम आला तर माजं नाव जातंय तालुक्यातनं. पोवळ्याला घाम येतो व्हय?"

"येतो. हात लावून बघा. ते बुळबुळीत झालंय ना, तो घामच समजा."

"उद्या लाईट येती. एका दिसाचा सवाल हाय." आणि मग आवाज उतरवून, कारण नवरदेवाचे काका जवळ आले होते, "वैनी, चारचौघांत नगा. आत बसा, सरबत घ्या."

मी सरबत घेतलं नाही. आचाऱ्याकडे गेले. मठ्ठ्यासाठी बर्फाच्या लाद्या आल्या होत्या. बर्फ सरळ टाकीत टाकला तर खारटपणा कमी होऊन पोवळं आणखी बिघडतं. म्हणून मी पाण्याच्या बाटल्या बर्फात पुरून गारठवल्या आणि झाकण घट्ट लावून टाकीत तरंगत सोडल्या. एक खेप झाली की दुसरी. तापाच्या माणसाच्या कपाळावर पट्ट्या बदलाव्यात तसं चाललं होतं. पारा हलेना, पण निदान चढेना.

मग मी नव्या बाटल्या आणायला मागे गेले आणि परत येऊन बघते तर टाकीत एकही बाटली नाही. जाळी बाजूला काढून ठेवलेली. फेटेवाल्या पाहुण्यांचं टोळकं बाजूला उभं राहून पाणी पीत होतं.

"आजी, झ्याक सोय केलीय! गारगार हाय."

"जरा खारट लागतंय न्हाय का रं?" दुसरा म्हणाला.

"बाहीरनं खारट हाय. आतनं गोड हाय. तोंड पुसून पी."

मी हातातल्या बाटल्या टाकीत सोडल्या आणि तिथेच खुर्ची ओढून राखणीला बसले. साडी बरी नेसले होते, त्यामुळे मला नवरीकडची समजून बरेच जण वाकून नमस्कार करून गेले. आत मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, पंगती उठल्या. माझ्या पाठीमागे चार तऱ्हेची गोडाधोडाची जेवणं झाली. संध्याकाळी आचाऱ्याने सांगितलं, बर्फ संपला.

लाईट दुसऱ्या दिवशी आली नाही. त्याच्यानंतर आली. तोवर पूजा आणि पाठवणी होऊन सगळं यथासांग पार पडलं होतं. नवरदेवाला घाम आला नाही.

त्या आठवड्यात पोवळं पांढरं पडलं. आधी छत्री, मग हिरव्या बशा, मग ती जांभळी बोटं टोकांकडून खाली. मला वाटलं होतं भाऊजींना आता तरी वाईट वाटेल. पण झालं भलतंच. पुढच्या लग्नाला आलेल्यांना ते फार आवडलं. एक बाई म्हणाल्या, "काय पांढरंशुभ्र! जशी खडीसाखर." फोटोग्राफरने नवरानवरीला मुद्दाम टाकीपुढे उभं केलं, कारण पांढऱ्यावर शालूचा रंग उठून दिसतो. त्यांचं बघून प्रत्येक जोडपं तिथेच उभं राहायला लागलं. भाऊजींनी टाकीवर निळा दिवा लावून घेतला.

"आदीपेक्षा भारी दिसतंय, वैनी. खरं सांगा."

"ते उपाशी आहे, भाऊजी."

"मंग घाला की खायाला."

हे मात्र ते मनापासून म्हणाले. मी सांगितलं, तो निळा दिवा काढा, उजेड कमी ठेवा, पाणी गार ठेवा, कोणी काचेवर टकटक करू नये, बाकी थांबायचं. दुकानदार येऊन थोडं बारीक खाद्य देऊन गेला. भाऊजींनी दिवा काढला. दोन-तीन आठवड्यांनी छत्रीच्या बुंध्याशी मला किंचित तपकिरी झाक दिसली. मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. होती.

ताईपासून मी लपवलं नाही. फोनवर सांगितलं, पांढरं झालं होतं, पण पाणी गार ठेवलंय आणि बुंध्याशी रंग यायला लागलाय. ती पलंगावर उठून बसली. "बघ! मी सांगितलं होतं ना, उपाशी." त्या शनिवारी ती समुद्रावर गेली. पाण्यात उतरली नाही, पण गेली. बाबाने मला मुद्दाम फोटो पाठवला, वाळूत बसलेली, पाय पाण्यात.

जूनच्या सुरुवातीला मला ताप आला आणि माझी एक फेरी चुकली.

आता केवडा म्हणजे काय ते सांगते. उसाच्या पानातला हिरवा रंग जाऊन पान पिवळं-पांढरं पडलं की आमच्याकडे म्हणतात, केवडा पडला. जमिनीत क्षार वाढलेले असतात, मुळांना लोह मिळत नाही. मग शेतकरी फेरस सल्फेट आणि युरिया पाण्यात कालवून देतात आणि पीक पुन्हा हिरवं होतं. आपल्या घरात हे लहान पोराला माहीत असतं. तुमच्या बाबालाही होतं. त्यावरच तो पुढे शिकला, शेतकऱ्यांना उसाच्या खताचा सल्ला देतो, आणि म्हणून तुम्ही आज तिकडे, दुसऱ्या एका उसाच्या मुलखात राहता.

तापातून उठले त्या सकाळी भाऊजींचा फोन आला. आवाज खुशीत होता.

"वैनी, काळजी सोडा. मी वळखलं."

"काय ओळखलंत?"

"रोग. केवडा हाय त्यो. इतकं दीस बगतोय आन डोक्यात आलं न्हाय. पांडरं पडलं, हिरवं गेलं, खारवट पानी. दुसरं काय असनार? काल सांजंला फेरस आन युरिया दिला. आठवड्यात हिरवंगार हुतंय का न्हाय बगा."

"किती दिलंत?"

"लई न्हाय. दोन मग."

मी रिक्षा करून स्टँडवर गेले. एसटीत उभी राहिले. कार्यालयात शिरले तेव्हा टाकीतलं पाणी फिक्या चहासारखं दिसत होतं आणि तळाशी गंजाचा गाळ बसला होता. दुकानदार माझ्याआधी येऊन पाणी बदलायला लागला होता. त्याने वर बघितलं आणि पुन्हा खाली बघितलं. मग दुसरी बादली माझ्याकडे सरकवली.

पाणी बदललं. पुढच्या काही दिवसांत ते हिरवं झालं, युरियाने दुसऱ्याच शेवाळाचं फावलं. भाऊजींना क्षणभर वाटलं, औषध लागू पडलं. मग छत्री एका बाजूला कलंडली आणि वास यायला लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी लग्न होतं, म्हणून रात्रीतच टाकी रिकामी केली.

भाऊजी माझ्याजवळ येऊन उभे राहिले. फेटा नव्हता, नुसती टोपी.

"उसाला लागू पडतं ओ, वैनी."

"ते ऊस नव्हतं."

"मंग आदी सांगायचं."

काय सांगायचं राहिलं होतं? पण एक गोष्ट मला तेव्हाही टोचली आणि अजून टोचते. त्यांचं निदान चुकलं नव्हतं. पानातलं हिरवं गेलं की पान उपाशी, पोवळ्यातलं शेवाळ गेलं की पोवळं उपाशी. एवढ्या वर्षांत माझ्या एकाही विद्यार्थ्याला हे इतकं नेमकं दिसलं नव्हतं. दिसलं ते या माणसाला. आणि दिसताक्षणी त्याने जे केलं ते आपण सगळेच करत आलो आहोत. पीक फिकं पडलं, घाल खत.

बाबाला फोनवर सांगितलं. तिकडच्या शेतातलं खत पावसाबरोबर वाहून समुद्रात जातं, त्यावरून तुमच्या गावात काय वाद होतात ते तुम्ही जेवताना ऐकतच असाल.

"आई, एका टाकीवरून केवढं धरून बसलीस," तो म्हणाला. "समुद्र तापतोय तो काही आमच्या खतानं नाही."

"नाही. तापतो वेगळ्या कारणानं. तापून पांढरं पडलं की खत आपण घालतो."

"म्हणजे मी काकांसारखाच, असं म्हणायचंय तुला."

"काका निदान दोन मगच घालतात," मी म्हटलं. हे मी बोलायला नको होतं असं तुम्हाला वाटेल. मला तसं वाटत नाही.

आठ दिवसांनी भाऊजींनी स्वतः गाडी घेऊन बारामतीला येऊन मला नेलं. टाकी भरलेली. साधं बोअरचं पाणी, लाल मासे, आणि त्यात पोवळं. प्लास्टिकचं, खोक्यातून आलेलं. जांभळं, हिरवं, गुलाबी. पंपाच्या पाण्याने त्याची बोटं हलतात, अगदी खऱ्यासारखी. रंग खऱ्यापेक्षा चांगला आहे.

"पोरं यायची हायत," भाऊजी म्हणाले. "पोरीला काय तोंड दाखवू? म्हनून आनलं. ह्येला लाईट नगो, औषध नगो, कायसुदिक नगो."

ते खोटं बोलत नव्हते. तुमच्यासाठीच आणलं होतं. त्यांच्याकडे बघून मला रागही धड येईना आणि मायाही.

"चिलर कुठे गेला?" मी विचारलं.

तो मागे होता, जेवणाच्या हॉलच्या भिंतीशी. पाहुण्यांच्या पिण्याच्या पाण्याला जोडलेला. त्याच्यासाठी वेगळा छोटा जनरेटर घेतला आहे, म्हणजे वीज गेली तरी पाणी गार राहतं. वायरमन कौतुकाने सांगत होता, आता अजिबात लोड येत नाही, आजी. खर्च थोडा आला, पण लोकांची सोय झाली.

रात्री बाबाचा फोन आला. ताई आता पाण्यात उतरायला लागली होती. कंबरेपर्यंत.

"आई, तिला सांग ना की परत आलं म्हणून. काचेबाहेरून काय कळणार आहे? एकदा तिची भीती मोडू दे, मग मोठी झाली की सांगू."

"आणि तिने विचारलं तर?"

"तू सांगितलंस तर ती विचारणार नाही. तुझ्यावर विश्वास आहे तिचा."

हेच तर. भाऊजी, बाबा, कार्यालयातला वायरमन, पाणी प्यायलेले पाहुणे, कोणीही माझ्या ताईचं वाईट चिंतलेलं नाही. सगळ्यांनी आपापल्या परीने चांगलंच केलं आहे, आणि टाकीत प्लास्टिक आहे. त्यात आता माझंही चांगलं मिसळावं, एवढंच उरलं होतं. मी फोन ठेवला. बाबाने पुन्हा केला, मी उचलला नाही.

तेव्हा ताई, ऐक. ते परत आलं नाही. बुंध्याशी तपकिरी रंग आला होता हे खरं, मी चष्मा पुसून बघितला होता. तू म्हणालीस तसं ते उपाशीच होतं, मेलेलं नव्हतं. गार पाणी आणि थोडा वेळ मिळाला असता तर कदाचित आलं असतं. मी तुला शब्द दिला आणि तो माझ्याच्याने राखवला गेला नाही. पाण्यात जायचं की नाही ते तू ठरव. पण जाशील ती मी खोटं सांगितलं म्हणून जाऊ नकोस.

धाकट्या आजोबांना यातलं काही म्हणू नकोस. त्यांनी टाकी दाखवली की बघ, नमस्कार कर, ते देतील तो पेढा खा. ते फोटोग्राफरला बोलावतील, तुम्हा दोघांना टाकीपुढे उभं करतील, आणि मलाही हाक मारतील, "वैनी, या की, पोरांच्या मागं उभ्या ऱ्हावा." मी दारापाशी खुर्चीत बसलेली असेन. मला बोलवायला येऊ नका. त्या फोटोत मी नसणार.